मेनूतली दुसरी ओळ

स्टीलच्या ताटलीत ठेवलेला फोन खडखडला आणि दुपारची शांतता मोडली. तिनं झडप घालून तो उचलला. पलंगावर लेकीनं नुसतीच कूस बदलली. वाचले.

फोन एक्स-रे केंद्रातून होता. "मॅडम, सर्व्हर आपोआप बंद पडतोय, पुन्हा चालू होतोय. बाहेर पेशंट ताटकळलेत. जुनी एक फिल्म उघडेल तर शपथ!"

साहेबांनी घरून काम करायची मुभा दिली होती ती एकाच अटीवर: तिच्याकडच्या सर्व्हरची तक्रार येता कामा नये.

लॅपटॉप मांडीवर घेऊन, सर्व्हर पडला तरी चालू राहणाऱ्या वेगळ्या जोडणीनं, ती लांबूनच मशिनमध्ये शिरली. सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, कालच नवं बसवलेलं. डिस्क सांभाळणारं कार्ड मात्र जुनंपानं. ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, म्हणजे ड्रायव्हरचं, नव्या कर्नलशी काही केल्या पटेना. डिस्क सापडायच्या आतच तो कोसळायचा, की मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. हात्तिच्या, एवढंच ना! सुरुवातीच्या मेनूत दुसरी ओळ जुन्या कर्नलची असते. ती निवडली की झालं.

मेनूत एकच ओळ होती.

नवं आठवडाभर सुरळीत चालल्याशिवाय जुनं उडवायचं नाही, हे तिला दादानं शिकवलेलं. सख्खा नव्हे, कामावरचा दादा. पण बाळंतपणात तिचं सगळं काम त्यानंच ओढलं, तिच्याच लॉगिननं. लेकीचा तर तो लाडका मामा. तिनं त्यालाच फोन लावला.

"दादा, जुनं कर्नल कुणी उडवलं?"

"अगं, मीच. सर्व्हरवरची जागा पार संपलेली. तुझं लॉगिन होतंच माझ्याकडे, म्हटलं तुला कशाला त्रास."

"मग साहेबांना सांगता का तसं?"

तो खाकरला. "सांगितलंय... तू केलंस म्हणून. रागावू नकोस गं. तुझं लेकरू लहान, तुला सांभाळून घेतील. मला कोण सांभाळणार?"

तिनं फोन ठेवला. लांबूनच जोडलेल्या दुरुस्तीच्या डिस्कवरून मशीन उठवलं, जुनं कर्नल परत बसवलं. त्यानंच वळण लावलेली बोटं मुकाट चालत राहिली. डिस्क एकेक करून दिसू लागल्या. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला: सोमवारपासून ऑफिसात बसायचं. मग लेकीला कुणाकडे ठेवायचं, तिला कळेना.

पुन्हा फोन खडखडला.

"चालू झालं ना? माझी बहीण आहेच तशी हुशार!"

"बहीण म्हणू नका. साहेबांना मी आता खरं काय ते सांगणार. आजपासून मी तुमची कुणी नाही, दादा."

शेवटचा शब्द सवयीनं निसटला. त्याचाच तिला जास्त राग आला.

लेक पलंगावर उठून बसली होती, उशी कवटाळून.

"मामा होता?"

"हो."

"तू त्याची बहीण नाहीस?"

"नाही, राणी."

लेक उशीचं टोक चघळू लागली.

"मग तो माझा कोण?"