४४१७ चा शेवटचा तुकडा

"इसोगाई-सान, तेवढा शिक्का मारा ना. पेटीतला कोरडा बर्फ उडून चाललाय," डॉक्टर हाताकेयामा तिसऱ्यांदा म्हणाली.

"उडू दे. घाई करायला हा काय बसथांबा आहे?" मी खेकसले. पोरगी गुणी आहे, पण आज मला ती डोळ्यांसमोर नको होती.

विद्यापीठाच्या या गोठणघरात मी सव्वीस वर्षं काढली. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे उणे ऐंशीत जपायचे, संशोधनाला कोणी मागितले की काढून द्यायचे. नाव कुठेच नाही, नुसता आकडा. कोणाचं काय, हे आम्हाला कळता कामा नये. पण माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं त्या दुपारी वरून एकच नमुना आला आणि त्यावर चिठ्ठी मीच चिकटवली. ४४१७. डोळे मिटून चिकटवणार होते की काय?

तेत्सुओ, माझे यजमान, निइगाता शहरात स्टेशनची बस चालवायचे. संमतीपत्रावर सहीऐवजी आडनावाचा शिक्का मारताना म्हणाले, "गाठ घरी नेऊन काय लोणचं घालायचंय? घेऊ देत. तुझ्याजवळच राहीन."

"थंडी सोसते का तुम्हाला?" मी म्हटलं. ते इतके हसले की शिक्का हातातून पडला, कडेचा टवका उडाला. चार महिन्यांत गेले.

त्याला नऊ वर्षं झाली. लोक कबरीवर पाणी घालायला जातात. मी कामावर आले की आधी तिसऱ्या फ्रीझरचं तापमान बघते.

आणि आज हाताकेयामाच्या यादीत ४४१७. एकच तुकडा उरलेला. शेवटचा तुकडा द्यायचा तर राखणारीचा शिक्का लागतो. 'नमुना अपुरा' एवढं लिहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं. खरं सांगते, पेन उचललं होतं मी.

"यातून निघणार काय आहे गं?" मी विचारलं.

तिनं पेटी खाली ठेवली. म्हणाली, "माहीत नाही. हा आजार लवकर ओळखता येईल असं वाटतंय. नाहीही येणार कदाचित. चाळीस नमुने लागतात, एकोणचाळीस मिळालेत."

मोठमोठ्या बाता मारल्या असत्या, तर दिला नसता. मी पेन ठेवलं.

पर्समधून शिक्का काढला. तोच, त्यांचा. दाबला. 'इसोगाई', लाल, कडेला टवका गेलेला. आकड्यांनी भरलेल्या त्या कागदावर तेवढं एकच नाव.

ती पेटी घेऊन निघाली. पहिल्या बसला निघताना त्यांना रोज म्हणायचे, तेच हळूच तोंडातून निघून गेलं, "जाऊन या."

दार लागलं. मी नाक पुसलं आणि सवयीनं तिसऱ्या फ्रीझरचं तापमान बघितलं. उणे ऐंशी होतं.