दहा मोजेपर्यंत

ताईने पेनचं टोपण दातांनी ओढून काढलं आणि सातव्या प्रश्नासमोर ‘नाही’वर खूण केली. प्रश्न होता, ‘आपल्या वर्गात एखाद्या मुलाला बंद दारामागे एकटे शिकवले जाते काय?’ त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. आठवा प्रश्न, ‘यापूर्वी कोणत्याही मुलाने तक्रार केली आहे काय?’ तिथेही ‘नाही’. त्याखाली तक्रार करणाऱ्या मुलाचं वय लिहायची एक चौकट होती. तिच्यावर तिने आडवी रेघ मारली.

ज्युदोच्या हॉलमध्ये दुपारची विश्रांती चालू होती. सुट्टीतल्या शिबिराची बावीस मुलं डबे खाऊन निळ्या मॅटवर आडवी झाली होती. सकाळभर त्यांनी एकमेकांना उचलून आपटलं होतं आणि आता सगळी मेल्यासारखी झोपली होती. ज्युदो संघटनेने यंदा नवा नियम काढला होता, की मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक क्लबने एक जबाबदार माणूस नेमावा. सरांनी तो फॉर्म ताईपुढे सरकवला होता.

“नुसता कागद आहे गं. चारपर्यंत भरून टाक.”

सरांच्या शब्दाबाहेर ताई कधी गेली नव्हती. दहा वर्षांची असताना ती या हॉलमध्ये आली, तिशी ओलांडली तरी इथेच होती. आधी शिकायला, मग शिकवायला.

तिला जांभई आली. सकाळीच चहा पिता पिता नवऱ्याने तिची थट्टा केली होती.

“काल पुन्हा पलंगाची फळी वाजवलीस झोपेत. दोनदा. मग गप्प. संपलं म्हणून मी कूस बदलतो, तर तेवढ्यात तिसरी थाप.”

“मग कानात बोळे घाल.”

“आवाजाचं काही नाही गं. त्या तिसरीची वाट बघत जागं राहावं लागतं, त्याचं काय?”

लग्नाला सहा वर्षं झाली तरी हा विनोद काही जुना होत नव्हता. ताई मनाशीच हसली आणि नवव्या प्रश्नाकडे वळली.

टप टप.

तिने मान वर केली. तिसऱ्या रांगेत ढब्बू पालथा झोपला होता. वर्गातला सगळ्यात वजनदार पोरगा, तोंड उघडं, गालाखाली लाळेचा डाग. त्याचा उजवा हात मॅटवर पडला होता. झोपेतही कुस्ती चाललीय लेकाची, असं तिला वाटलं.

टॅप हा या खेळातला अगदी पहिला धडा. पकडीत सापडलो, दुखलं, जीव घाबरा झाला, की मॅटवर पटापट हात मारायचा. हात वाजला की समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. भिंतीवरसुद्धा हातभर अक्षरांत तेच रंगवलं होतं, ‘टॅप केलं की सोडायचं.’ पाच वर्षांचं पोरही ते घडाघडा म्हणून दाखवायचं.

ढब्बूचा हात पुन्हा हलला. टप. एकदाच.

मग दुसऱ्या टोकाकडून, खिडकीखालून आवाज आला. टप टप. तिथे दोन वेण्यांची मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि श्वास संथ चालला होता. ताई टक लावून बघत राहिली. वर पंखा कुरकुरत फिरत होता. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग त्या मुलीची बोटं उचलली गेली. टप.

ताईच्या हातातलं पेन थांबलं. का ते तिला लगेच कळलं नाही.

मधल्या रांगेतला चष्मेवाला, चष्मा उशाशी ठेवलेल्या बुटात नीट ठेवून झोपलेला, त्याचा हात वाजला. टप टप. या वेळी ताईने मोजलं. मोजायचं असं तिने ठरवलं नव्हतं, पण आकडे आपोआप येत गेले, कुणी आतून वाचून दाखवावे तसे. आठ. नऊ. दहा.

टप.

असा टॅप या हॉलमध्ये कुणी शिकवत नव्हतं. तो शिकवला जायचा आतल्या खोलीत, त्या लाल दारापलीकडे. दम वाढवण्यासाठी सरांचा ‘दमाचा तास’ तिथे व्हायचा, निवडक मुलांचा, एका वेळी एकाचाच. आईबापांना आत मज्जाव होता, कारण मुलांचं लक्ष उडतं. दाराला आतून जाड फोम लावलेला होता आणि खालची गादी इतकी मऊ, की हात कितीही आपटला तरी वाजायचा नाही. सर छातीवर दाब देऊन धरून ठेवायचे. दोनदा टॅप करायचं, मग मनात दहा मोजायचे, मग एकदा. त्यानंतर सर सोडायचे. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या खोलीत गेलेली पहिली मुलगी ताईच होती, हॉलमध्ये आली त्याच वर्षी. बक्षीस समारंभात ती हे अभिमानाने सांगायची. सरांनी मला सहन करायला शिकवलं, असं म्हणायची, आणि पालक टाळ्या वाजवायचे. सातवा प्रश्न वाचताना ती खोली तिच्या डोळ्यांपुढे आली कशी नाही? ती खोली तिला बंद दार वाटलीच नव्हती. तिला तो मान वाटला होता.

पलंगाची फळी तिला आत्ता आठवली.

“ताई.”

ती दचकली. भिंगरी जागी होती. आठ वर्षांची, सतत गिरक्या घेणारी, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. चार वाजता तिचा दमाचा पहिला तास होता. सकाळपासून तिने ही बातमी सगळ्या वर्गाला ऐकवली होती.

“ते तिघं झोपेत काय करतात गं?”

“काही नाही. झोप तू.”

“ते तिघंही आत जातात ना? मीपण असं करणार का आता?”

ताईने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयार होतं. खूप मजा येते बघ, किती नशीबवान आहेस तू. वर्षानुवर्षं तिने ते मुलांना आणि त्यांच्या आयांना सांगितलं होतं. ढब्बूच्या आईलासुद्धा. आज ते न सांगता तिने सातवा प्रश्न पुन्हा वाचला. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

लाल दार उघडलं. सर गळ्यात टॉवेल टाकून बाहेर आले. स्वभावाने मऊ होते सर, आवाज कधी चढत नसे. मुलांचे वाढदिवस त्यांना तोंडपाठ असत.

“चला भिंगरीबाई, तुमची पाळी. काय गं, फॉर्म झाला?”

भिंगरी टुणकन उठली. ताईही उठली आणि दारासमोर जाऊन उभी राहिली.

“सर, आज दार उघडं ठेवू या.”

“का?”

“फॉर्ममध्ये विचारलंय.”

सर हसले. रागाचा लवलेशही नव्हता. “अगं वेडे, तू सांगणार मला? तुला कुणी घडवली?” आणि गेली एकवीस वर्षं थट्टेत धरायचे तसंच त्यांनी तिचं मनगट धरलं, हलकेच पिरगाळून पाठीमागे नेलं. सवयीचा खेळ होता तो. ती ओरडायची आणि मुलं हसायची.

ताई ओरडली नाही. तिच्या मोकळ्या हाताने तिच्याच मांडीवर दोनदा टॅप केलं.

मुलं एकेक करून उठून बसत होती. एक, दोन, तीन. आकडे पुन्हा चालू झाले होते, आणि तिला कळलं की सरही मोजताहेत. त्यांचे ओठ बारीक हलत होते. भर दिवसा, बावीस मुलांसमोर, भिंतीवरच्या त्या अक्षरांखाली सर तिसऱ्या टॅपची वाट बघत उभे होते आणि यात काही वावगं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आठ. नऊ. दहा. तिचा हात आपोआप उचलला गेला. तिने त्याची मूठ आवळली.

अकरा. बारा.

ढब्बू खाली मान घालून बसला होता. दोन वेण्यांची मुलगी भिंतीकडे बघत होती. चष्मेवाला चष्मा पुसत होता.

“सर,” भिंगरी म्हणाली. गोंधळून, जरा चढ्या आवाजात, मोठ्या माणसाची चूक दाखवताना मुलं बोलतात तसं. “ताईने टॅप केलंय.”

सरांची बोटं सुटली. त्यांनी मुलांकडे पाहिलं. “गंमत करत होतो,” ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

ताई लाल दाराला पाठ टेकून खाली बसली. भिंगरीला तिने शेजारी बसवून घेतलं. फॉर्म मांडीवर ठेवला, सातव्या आणि आठव्या प्रश्नातला ‘नाही’ खोडला आणि ‘होय’वर खूण केली. कागदाच्या तळाशी संघटनेचा फोन नंबर होता. तो तिने लावला. पलीकडे घंटी वाजत होती तेवढ्यात तिची नजर त्या चौकटीवर गेली. तक्रार करणाऱ्या मुलाचे वय.

तिने भिंगरीकडे पाहिलं. मग मघाशी मारलेल्या आडव्या रेघेच्या वर तिने लिहिलं, ‘दहा.’