उंबऱ्याबाहेरचं भगुनं

मी भगुनं बोलतोय, म्हणजे तुमच्याकडचं पातेलं. स्टीलचं नाही, पितळेचं तर नाहीच नाही. साधं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, बुडाला काळं आणि एका अंगाला पोचा आलेलं. अमळनेरजवळच्या एका गावात भाईदास आबांच्या घरी मी राहतो. माझं काम एकच, मटण शिजवणं. दुसरं काही माझ्यात कधी शिजलं नाही, आणि कुणी शिजवूही दिलं नसतं.

धुळ्याच्या बाजारात आबांनी मला निवडलं तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. लग्न नुकतंच झालेलं. मला बोटांनी वाजवून बघितलं, उन्हात धरून भोक आहे का पाहिलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं. वाटभर माझा खडखडाट चालला होता. मला वाटलं, आता आपण एका स्वयंपाकघरात जाणार, फळीवर बसणार, चार भांड्यांशी ओळख होणार.

कसलं काय! मागच्या दारात एक तरणी बाई आडवी उभी राहिली. ही द्रौपदाबाई, आबांची बायको. तिच्या माहेरी सगळ्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला, तिनेही घेतलेला. मटणाचा वाससुद्धा तिला चालायचा नाही. माझ्याकडे बघून ती शांतपणे म्हणाली, “हाई भगुनं मन्हा चुल्हाजोडे येवाव नही.”

आबांनी वाद घातला नाही. परसात लिंबाखाली तीन विटा मांडल्या, भिंतीत एक खिळा ठोकला आणि मला त्यावर अडकवून टाकलं. तेव्हापासून माझं घर म्हणजे तो खिळा. ऊन, वारा, चिमण्यांची घाण, सगळं मी तिथेच सोसलं. आत धुतलेल्या भांड्यांचा आवाज यायचा तेव्हा फार वाईट वाटायचं. एकाच घरातली भांडी आम्ही, पण मला काही त्यांच्यात घेतलं नव्हतं.

रविवार मात्र माझा असायचा. आबा सकाळीच बाजारातून पिशवी घेऊन यायचे. विटांमध्ये काड्या पेटवायचे. खोबऱ्याची वाटी आणि कांदे निखाऱ्यात भाजायचे, परसातल्या पाट्यावर काळा मसाला वाटायचे आणि मग मला चुलीवर चढवायचे. तेल तापलं की मसाला परतायचा, मटण पडायचं, वरून गरम पाणी. तर्री वर आली की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

आणि द्रौपदाबाई? ती उंबऱ्यात बसायची. पाय आत, तोंड बाहेर, पदर नाकाला. वास चालत नाही म्हणायची आणि हलायची मात्र नाही. तिथूनच तिचं सुरू व्हायचं. लाकूड ओलं आहे, पाणी जास्त झालं, कांदा कच्चा राहिला. जन्मात जिने रश्शाचा थेंब जिभेला लावला नाही, ती नुसत्या वासावरून आबांना मीठ सांगायची. आबा एकदा बिडी पेटवण्यात गुंतले होते, तर उंबऱ्यातून आवाज आला, “खोबरं जळी ऱ्हायनं! ध्यान कोठे शे तुमनं?”

आबा पुटपुटायचे, खायचं नाही तर बोलायचं कशाला म्हणायचे, पण खोबरं उलटवायचे. ती बोलली नाही तर तेच वळून वळून उंबऱ्याकडे बघायचे. मला वाटतं, मटणापेक्षा त्यांना हे बोलणंच जास्त आवडत असावं.

जेवणाचीही एक रीत ठरून गेली होती. ती आत ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी थापायची आणि उंबऱ्यातून हात लांब करून वरूनच आबांच्या ताटात टाकायची. ताटाला हात लागू द्यायची नाही. आबा बाहेर परसात, ती आत, आणि मध्ये तो उंबरा. मुलगी सरिता झाली, बापासारखी मटण खाणारी निघाली. मग दोन ताटं परसात आणि एक आत.

माझ्यावर ती कायम नाक मुरडायची. मीही तिच्यावर रुसून असायचो. पण एकदा भर उन्हाळ्यात गारपीट झाली. आबा घरी नव्हते. वाऱ्याने मी खिळ्यावरून पडलो, हा पोचा तेव्हाचाच. तर बाई डोक्यावर गोणपाट घेऊन बाहेर आली, एका काठीने मला ओढत ओढत पडवीत आणलं आणि वर एक पाटी पालथी घातली. हात लावला नाही तो नाहीच. पण त्या दिवसापासून माझा राग गेला. माझ्यावर एवढं लक्ष दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

सरिता लग्न होऊन जळगावला गेली. परसात पुन्हा एकच ताट उरलं. तरी रविवार चालू होते.

मागच्या हिवाळ्यात द्रौपदाबाई गेली. आठवडाभर ताप, आणि मग एका सकाळी ती उठलीच नाही. घरात माणसं जमली, पांगली. सरिता रडून रडून जळगावला परतली. आबा एकटे राहिले, आणि भिंतीवर मी.

बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. चूल पेटवली, मला वर चढवलं. वाकून फुंकर घालताना त्यांना धुराचा ठसका लागला, भोवळ आली, आणि तोल सावरायला त्यांनी धरलं ते मलाच. मी तापलेलो होतो. त्यांचा तळहात भाजला. माझ्यामुळे भाजला हे अजून मला सलतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सरिता माहेरी आली तेव्हा तिने तो हात बघितला. दुसऱ्या दिवशी कर होती, म्हणजे मटणाचा दिवस. तिने तिन्ही विटा उचलून कुंपणाजवळ टाकल्या, मला घासूनपुसून घेतलं आणि उचलून सरळ आत नेलं.

काय सांगू तुम्हाला! जन्मभर ज्या दाराकडे मी बघत होतो त्यातून मी आत गेलो. गॅसवर बसलो. समोर फळीवर द्रौपदाबाईची भांडी ओळीने उभी. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की उकळी फुटायलाही वेळ लागला.

आबा परसातूनच बघत होते. सरिता त्यांना समजावत म्हणाली, “आबा, माय नही आते. कोन बोलस तुमले? भगुनं घरमाच ठेवा.” तिचं काही चुकलं नव्हतं. बापाचा हात भाजलेला, छातीत धूर जाऊ देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चूल पुन्हा पेटवणार नाही असा शब्द तिने त्यांच्याकडून घेतला. आबांनी मान हलवली.

जेवायला हाक मारली तर आबा ताट घेऊन उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. ताट पुढे धरलेलं. भाकरी वरून पडेल म्हणून थांबलेले. सरिताला ते कळलं नाही. ती म्हणाली, आत या ना. आबा आत आले नाहीत. परसातच बसून त्यांनी थोडंसं खाल्लं.

सरिता गेल्यावर एका रविवारी आबांनी आत मटण केलं. एकदाच. गॅसवर खोबरं भाजताना त्यांनी मागे वळून विचारलं, “खोबरं बरोबर शे का वं?” उंबरा रिकामा होता. मला वाटलं, आपल्याला तोंड असतं तर आपणच हो म्हटलं असतं. आबा तसेच उभे राहिले. खोबरं जळून कोळसा झालं. सगळं शिजवून त्यांनी ते मटण शेजारच्या जीवराम आप्पांकडे देऊन टाकलं, आणि स्वतः दुधात भाकरी कुस्करून खाल्ली.

त्यानंतर मी फळीवर पालथा आहे. आता ती भांडी माझ्या शेजारी आहेत, ज्यांच्यात बसायची मला एवढी हौस होती. तीही माझ्यासारखीच कोरडी. मला इथे फार एकटं वाटतं. बाहेर निदान आबांचा आवाज यायचा. आता ते घरातही बोलत नाहीत. दूध आणि भाकरी, भाकरी आणि दूध. सदरा अंगावर ढिला झालाय त्यांच्या.

दर रविवारी दुपारी सरिताचा फोन येतो. आबांना नीट ऐकू येत नाही म्हणून ते मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे मलाही ऐकू येतं. ती विचारते, मटण केलं का? आबा हसत सांगतात, “करस ना, दर रविवारले करस. आत्तेच खादं, बेटा.” तिला बरं वाटतं. फोन बंद होतो. आबा बराच वेळ फोन हातात धरून बसतात.

सरिता, माझं तुला ऐकू जात नाही, तरी सांगतो. तुझा बाप तुला खोटं सांगतो. एखाद्या रविवारी न कळवता ये. मला खाली काढ, गॅसवर चढव, चुलीचा माझा काही हट्ट नाही. फक्त फोडणी आबांना घालू दे आणि तू उंबऱ्यात बस. मटण खायला नको येऊस, त्यांना रागवायला ये. रागवणारं कुणी नसलं की तुझा बाप जेवत नाही.