खरखरीत पाठीचं तबक

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचं एक तबक आहे. जुनं म्हणावं इतकं माझं वय नाही, पण जे पाहिलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

ठाण्याच्या एका गावठाणात व्हिक्टोरियाबाईंच्या अंगणात माझं झाड उभं होतं. ते त्यांच्या आईने लावलेलं. घर पाडून तिथे इमारत बांधायचं ठरलं आणि झाडावर करवत चालली. बाईंनी त्यातला एक जाड तुकडा मागून घेतला आणि मानपाड्याला विश्रामकाकांच्या शेडमध्ये आणला. काका कातारी होते. लेथवर लाकूड फिरवून ते गोल वस्तू घडवत.

"विश्रामभाऊ, याचं एक तबक करून द्या. आईची एवढीच आठवण उरलीय," बाई म्हणाल्या.

काकांनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिलं. "लाकूड सोन्यासारखं आहे, पण ओलं. घाई केली तर तडकेल. वर्षभर थांबाल?"

"थांबते."

ते वर्ष मी शेडच्या कोपऱ्यात काढलं. पाळण्याचे खूर, जिन्याचे दांडे, लाटणी असं काहीबाही माझ्यासमोर घडत होतं. दिवसभर बारीक भुसा हवेत तरंगायचा आणि काका खोकत राहायचे. सत्तावीस वर्षांचा भुसा त्यांच्या छातीत साचला होता. डॉक्टरांनी धुळीचं काम बंद करायला सांगितलं होतं. त्यांची मुलगी निशा डोंबिवलीत एका दवाखान्यात कामाला होती. तिने चांगला मास्क आणून दिला होता, पण तो खिळ्याला टांगलेला असायचा.

"बाबा, लावा ना तो!"

"अगं, तो लावला की दम कोंडतो. आधीच श्वास पुरत नाही. बाईंना शब्द दिलाय. एवढं तबक होऊ दे, मग शेड धनेशवर सोपवतो."

धनेश त्यांचा भागीदार होता.

अखेर माझी पाळी आली. काकांनी माझ्या पाठीला लोखंडी चकती स्क्रूने आवळली आणि लेथ सुरू केला. पटाशी टेकताच माझ्या पिवळ्या साली लांबच लांब निघू लागल्या. मी गोल झाले, पोटाशी खोल झाले, काठावर तीन नाजूक कंगोरे उमटले. मग पॉलिश पेपर आला. मी जसजसं गुळगुळीत होत गेले, तसतशी माझी धूळ पिठासारखी उडत गेली. ती कुठे जात होती, ते मला दिसत होतं. मित्रांनो, लाकडाला ओरडता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकांनी मला तेल चोळलं. माझा रंग मधासारखा उजळला. "झालं. आता फक्त पाठ राहिली," असं म्हणून ते बाकावर टेकले, ते पुन्हा उठलेच नाहीत. धनेशने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशी ते गेले.

काही दिवसांनी निशा वडिलांचा डबा आणि शर्ट न्यायला शेडमध्ये आली. तेव्हा धनेश मला उलटं बसवून माझी पाठ घासत होता. त्याच्या तोंडावर काही नव्हतं. निशाने जाऊन बटणच बंद केलं.

"अगं, दहा मिनिटांचं काम आहे," धनेश म्हणाला.

"बाबापण हेच बोलायचे, धनेशकाका."

धनेशने मला लेथवरून उतरवून तिच्या हातात दिलं. निशाने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि तसंच बाईंकडे नेलं. "पाठ खरखरीत राहिलीय. चालेल ना?"

बाईंनी माझ्या पाठीवरून, स्क्रूच्या भोकांवरून सावकाश हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. "पोरी, हे तू ठेव. तुझ्या बाबांचं शेवटचं काम आहे."

"नको, मावशी. मला हे घरात बघवणार नाही."

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मी तिला दोष देत नाही.

आता मी बाईंच्या नव्या फ्लॅटमध्ये असते. नाताळात माझ्यात केक मांडतात. पाहुणे माझ्या काठावरून बोट फिरवतात आणि "काय सफाई आहे!" म्हणतात. धनेशने पुढे मास्क लावला की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

मित्रांनो, सुंदर वस्तू जपाच. पण ती घडवणारा माणूस ओळखीचा असेल, तर आधी त्याच्या खोकल्याकडे लक्ष द्या. तडा गेलेलं लाकूड बाजूला ठेवून दुसरं घेता येतं. विश्रामकाकांच्या जागी निशा कुणाला आणणार?