शेवटच्या सुराआधीचा श्वास

महोत्सवाच्या समितीनं नेमकं अवघड काम धाकटीच्या गळ्यात मारलं. "तुम्ही घरच्या, तुम्हीच सांगा," म्हणून अध्यक्षांनी हात झटकले आणि खुर्च्यांचा विषय काढला.

गावचे संगीतकार, ज्यांना सगळे नुसतं मास्तर म्हणत, त्यांच्या नावाचा महोत्सव दरवर्षी त्यांच्याच शाळेच्या सभागृहात व्हायचा. शेवट ठरलेला: धाकटीच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं गाणं. मास्तरांनी ते तिच्या तरुणपणीच्या गळ्यासाठी रचलेलं. शेवटचा उंच सूर लांबवर धरून ठेवायचा. गेल्या वर्षी तिथे ताईचा आवाज चिरकला. यंदा ते गाणं शाळेतली एक तरुण शिक्षिका गाणार होती आणि हे ताईला धाकटीनं सांगायचं होतं.

धाकटी वाटेत वाक्यं घोकत गेली. ताईनं दार उघडलं, "ये गं, रियाजच चालला होता," म्हणाली आणि घोकलेलं सगळं पार उडालं.

"ताई, यंदा बाहेरचे कलाकार फार. वेळच पुरत नाही. ते गाणंच काढलंय."

"म्हणजे कुणीच गाणार नाही?"

"कुणीच नाही."

ताईनं तंबोरा भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "असू दे. कार्यक्रम लांबला की लोक घड्याळं बघतात, मास्तरच म्हणायचे." धाकटी हसली. घरी येईपर्यंत तिला स्वतःची इतकी शरम वाटली की नवऱ्यालाही तिनं यातलं काही सांगितलं नाही.

ताईचा गुडघा दुखत होता, म्हणजे ती येणार नाही, अशी एक वेडी आशा होती. कसलं काय! ताई ठेवणीतली शाल पांघरून दुसऱ्या रांगेत हजर. मध्यंतरात खरं सांगता आलं असतं. पण मध्यंतरात चहा कमी पडला आणि धाकटी नको तितकी धावपळ करत राहिली.

शेवटी निवेदकानं त्या गाण्याचं नाव घेतलं. ताईनं चमकून बहिणीकडे पाहिलं, चेहरा उजळला, आणि लटक्या रागानं तिनं बोट नाचवलं. तिला चकित करायला म्हणून सगळ्यांनी हे लपवून ठेवलं, असा तिचा समज झाला होता. शाल सारखी करून ती उठली आणि मंचाकडे निघाली. धाकटी हाक मारायला उठली, तोवर ताई पायऱ्यांपाशी गेली होती.

ताई मंचावर पोचली तेव्हा पलीकडून शिक्षिका येत होती. दोघी थबकल्या. मग ताईनं माइक त्या मुलीच्या उंचीला आणला, जणू तेवढ्यासाठीच आली होती, तिच्या पाठीवर थोपटलं आणि खाली उतरली.

धाकटी तिच्या शेजारी येऊन बसली. "ताई, माझं चुकलं."

"गळा गेलाय म्हणून तोंडावर सांगायचंस की गं," ताई समोर बघतच म्हणाली. "रडले असते चार दिवस. मग मीच हिला शिकवलं असतं. शेवटच्या सुराआधी श्वास कुठे चोरायचा, ते मास्तरांनी मला एकटीलाच दाखवलं होतं."

गाणं शेवटाकडे आलं. ताईनं बसल्या जागी, नकळत, श्वास भरून घेतला. मंचावरची मुलगी ती जागा ओलांडून तशीच पुढे गेली, आणि सूर अर्ध्यात तुटला. तिनं घाबरून खाली पाहिलं. चूक तिची नव्हती, पण हे त्या भरल्या सभागृहात फक्त दोघी बहिणींना ठाऊक होतं.