आईला बोटीतून उतरवायचं नाही

लाइन बंद ठेवून कुणी खेळ खेळवतं का? आमच्या कारखान्यात वीज गेली तरी जनरेटर धडधडत ठेवून बाटल्या चालू असतात. पट्टा जरा थांबला की साहेबांचा जीव वरखाली होतो. आणि परवा त्याच साहेबांनी स्वतःच्या हातानं बटण दाबून पट्टा थांबवला नि म्हणाले, "चला, तपासणीच्या लाइनवरचे सगळे वरच्या हॉलमध्ये. आज एक छान उपक्रम आहे." छान म्हणे. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे मी उगाच संशय घेत नव्हते हे कळेल. आम्ही औषधाच्या काचेच्या बाटल्या तपासतो. त्या पट्ट्यावरून येतात, मागं पांढरा दिवा असतो, त्या उजेडात बघायचं. पहिल्या खुर्चीवर माझी आई बसते, दुसऱ्या खुर्चीवर मी. आईचं काम केस धरायचं. केस म्हणजे काचेतली बारीक चीर, अगदी केसासारखी. नीट बघितलं नाही तर दिसतही नाही. माझं काम तोंड बघायचं, म्हणजे कडेचा टवका उडालाय का ते. खराब बाटली उचलायची आणि आपापल्या पेटीत टाकायची. संध्याकाळी साहेब पेट्या बघतात, त्यावरून त्यांना कळतं कोण जागं होतं आणि कोण झोपलेलं.

आणि खरं सांगायचं तर आईला आता केस दिसत नाहीत.

हे मला कळलं गेल्या हिवाळ्यात. एक चिरलेली बाटली तिच्या नाकासमोरून ऐटीत निघून आली. मी गप उचलली. मग दुसरी आली, तिसरी आली. घरी मी डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला तर म्हणाली, "माझे डोळे तुझ्यापेक्षा धड आहेत, तू तुझं बघ." वर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बाबा गेले तेव्हा हिनं रडणं आटोपून तिसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर बसायला सुरुवात केली होती. त्या खुर्चीवर बसून तिनं आम्हाला वाढवलं. ती खुर्ची गेली तर आई गेली, असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. म्हणून तिच्या वाटचे केसही मीच धरायला लागले.

पण मग माझी पेटी भरून वाहायची आणि तिची रिकामी. त्यावर लंबूनं उपाय काढला. लंबू म्हणजे आमचा पेट्या उचलणारा, ताडमाड माणूस, दारातून वाकून आत येतो. आई चहाला गेली की तो माझ्या पेटीतल्या थोड्या बाटल्या तिच्या पेटीत सरकवायचा. तिसऱ्या खुर्चीवरची गप्पी, जिचं तोंड झोपेतही चालू असेल, तिच्याकडे पहारा होता. साहेब येताना दिसले की ती मोठ्यानं आपल्या सासूचं पुराण सुरू करायची. पट्ट्याच्या शेवटी बाटल्या खोक्यात भरणाऱ्या दोघी बहिणी होत्या, त्यांनाही सगळं ठाऊक होतं. आईला तेवढं ठाऊक नव्हतं. संध्याकाळी पेटी बघून ती खूश व्हायची. "आज बरीच धरली गं," म्हणायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं आणि मध्येच हा उपक्रम. त्यात महिनाभर कुजबुज चालू होती की बाटल्या बघणारं कॅमेऱ्याचं मशीन येणार आणि माणसं कमी होणार. कुठंतरी पाणी मुरतंय हे कळायला काय मोठी अक्कल लागते?

हॉलमध्ये गोल टेबलं मांडली होती. टेबलावर बिस्किटं, तीही क्रीमची. आम्हाला एरवी चहासुद्धा मोजूनमापून मिळतो. एक प्रशिक्षकबाई आल्या होत्या, वयानं माझ्याहून लहान, बोलणं असं की साखर ओतावी. इतकं गोड बोलणाऱ्या माणसाशी मी दोन हात लांबूनच बोलते. त्या म्हणाल्या, "मागं आगीची घंटा वाजवून बघितली तेव्हा तुम्ही सगळे एकाच दाराकडे धावलात. संकटात मिळून निर्णय कसा घ्यायचा, ते आज आपण खेळातून शिकू." मी साहेबांकडे बघितलं. साहेब मागच्या भिंतीला खुर्ची तिरकी टेकवून बसले होते, हाताची घडी घालून. नुसता खेळ असता तर हा माणूस असा बसून राहिला असता का?

खेळ असा होता. जहाज बुडालंय. एका छोट्या बोटीत सहा जण आहेत, पण बोट चौघांनाच पेलते. प्रत्येकाला एक कार्ड मिळणार, त्यावर तो कोण ते लिहिलेलं. सगळ्यांनी चर्चा करून दोघांना उतरवायचं. म्हणजे बुडवायचं, पण बाई उतरवायचं म्हणत होत्या.

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. हे काय आहे ते डोळ्यासमोर लख्ख होतं. आमच्याच तोंडून काढून घ्यायचं की आमच्यात नको असलेलं कोण, आणि मग तेच नाव पुढं करून म्हणायचं, तुम्हीच तर ठरवलंत. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असला डाव.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी लंबूला आणि गप्पीला कोपऱ्यात घेतलं. बहिणीही आल्या.

"कार्ड काहीही निघो," मी म्हणाले, "आईला बोटीतून उतरवायचं नाही."

"अगं पण खेळ आहे तो," लंबू म्हणाला.

"खेळ असता तर साहेबांनी पट्टा थांबवला असता?"

गप्पी म्हणाली, "हिचं बरोबर आहे. बिस्किटं बघितलीत ना?" मोठी बहीण म्हणाली की उतरायची वेळ आलीच तर आधी आपण उतरू. तेव्हा मला भरून आलं. रक्ताची माणसं करणार नाहीत एवढं ही माणसं करत होती.

आम्ही परत आलो तर आई चहात बिस्किट बुडवून आरामात खात होती. तिला हा प्रकार आवडलेला दिसत होता. कार्डं वाटली. लंबू डॉक्टर निघाला. गप्पी गरोदर बाई. बहिणींपैकी एक शाळकरी मुलगी, दुसरी म्हातारा गवई. मी खलाशी, बोट वल्हवता येणारी एकटी मीच. आईनं कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं, आणि काही बोलायच्या आत गप्पीनं ते तिच्या हातातून घेतलं. "बघू बघू, काकूंना काय आलंय. तुरुंगातून सुटलेला चोर."

झाली का पंचाईत. पण आम्ही मागं हटणारे नव्हतो.

"डॉक्टरला उतरवा," लंबू स्वतःच म्हणाला. "डॉक्टरकडे औषधं कुठं आहेत? सगळी जहाजाबरोबर बुडाली. नुसता डॉक्टर काय कामाचा?"

"आणि खलाशाला," मी म्हणाले. "खलाशाला पोहता येतं, तो जाईल आपला आपण."

"अगं, मग बोट कोण चालवणार?" आईनंच विचारलं. "मला उतरवा ना. चोर आहे मी. ठेवून काय करणार?"

"चोराचे हात चपळ असतात काकू," लंबू म्हणाला. "मासे धरायला बरे."

असं करून आमच्या बोटीत एक गरोदर बाई, एक शाळकरी पोर, एक म्हातारा गवई आणि एक चोर उरले. वल्हवायला कुणी नाही. बाकीच्या टेबलांनी चोराला पहिल्याच झटक्यात पाण्यात ढकललं होतं. प्रशिक्षकबाई आमचा निकाल ऐकून खळखळून हसल्या. आईही हसली. मी हसले नाही, मी साहेबांकडे बघत होते. साहेब हसत होते की नाही, ते काही केल्या कळेना.

"आता कार्डं बदलू या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत तर कहरच झाला. आईला जे कार्ड आलं, तेही गप्पीनंच वाचलं, त्यावर लिहिलं होतं: आजारी माणूस, फार तर दोन दिवसांचा सोबती. आता याला वाचवायचं कसं? आम्ही वाचवला. धाकटी बहीण म्हणाली की त्याच्या घरच्यांना शेवटचं भेटायचं असेल. लंबू म्हणाला, आजारी माणूस वजनाला हलका असतो. मी म्हणाले, डॉक्टर लोकांचं निदान हजारदा चुकतं. यावेळी आम्ही गवयाला आणि गरोदर बाईला उतरवलं. गरोदर बाई या फेरीत मीच होते, म्हणून जड गेलं नाही.

या वेळी बाई हसल्या नाहीत. त्या आमच्या टेबलाजवळ आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि मनापासून म्हणाल्या, "मला एक गंमत दिसतेय. कार्ड कुठलंही येऊ दे, या काकूंना तुमच्यातलं कुणी उतरवतच नाही. तुम्ही कार्डाकडे बघतच नाही आहात, यांच्याकडे बघताय. असं मी पहिल्यांदाच बघितलं. का बरं?"

त्या बाईच्या मनात काही नव्हतं. हे मी आता शपथेवर सांगते. ती खरंच खेळ शिकवायला आली होती, आणि आम्हाला चांगलं म्हणत होती. पण मागं साहेबांची खुर्ची खाली आल्याचा आवाज झाला, आणि ते उठून आमच्याकडे यायला लागले.

गप्पी गप्प होती. तिला गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

आईनं बिस्किट बशीत ठेवलं. माझ्यात हा जो संशयी किडा आहे तो कुणाकडून आलाय असं तुम्हाला वाटतं? बाजारात भाजी घेताना तराजूच्या खाली वाकून बघणारी बाई आहे ती. तिनं एकेकाकडे बघितलं. लंबूकडे, गप्पीकडे, दोघी बहिणींकडे. जो तो दुसरीकडे बघायला लागला. सगळ्यात शेवटी तिनं माझ्याकडे बघितलं.

"माझं कार्ड ही का वाचते?" तिनं विचारलं.

"काकू, अक्षर बारीक होतं म्हणून," गप्पी म्हणाली.

"तुला कसं कळलं, मला बारीक दिसत नाही ते?"

गप्पीनं कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"संध्याकाळी माझी पेटी उचलून बघते तर जड लागते," आई म्हणाली. ती आता कुणाशी बोलत होती कोण जाणे. "मला वाटायचं, वयानं हात थकले. बाटल्या धरल्याच्या आठवायच्या नाहीत. म्हटलं, विसरत असेन. लंबू, माझ्या पेटीत कोण टाकतं रे?"

लंबू एवढा उंच माणूस, तो टेबलाखाली जाता आलं असतं तर गेला असता. "काकू, तसं काही नाही," असं तो पुटपुटला, आणि ते इतकं खोटं वाटलं की मीच कपाळावर हात मारून घेतला.

"आई, बस झालं," मी हळूच म्हणाले. "साहेब आलेत."

"येऊ देत की. किती दिवस चाललंय?"

"आई."

"किती दिवस गं?"

"हिवाळ्यापासून," मी म्हणाले. मग माझं डोकंच फिरलं. "तुझ्यासाठीच केलं ना? तू डॉक्टरकडे जायला तयार नाहीस, काही ऐकून घेत नाहीस, मग काय करायचं होतं मी? तुला घरी बसवायचं होतं? एक तरी केस माझ्या खुर्चीच्या पुढं जाऊ दिला का मी? सगळे धरले. एकूण एक धरले."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला सगळ्यांसमोर एक ठेवून देईल. तिनं यातलं काही केलं नाही. साहेब टेबलाशी येऊन उभे होते, प्रशिक्षकबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, आणि आई मला अगदी शांतपणे विचारत होती. मी कामावर नवीन होते तेव्हा विचारायची तशी.

"माझ्या वाटचे केस तू बघत होतीस."

"हो."

"मग तुझ्या वाटची तोंडं कोण बघत होतं?"

पट्टा थांबत नाही. एका बाटलीला जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात एकच गोष्ट धड बघून होते, हे तिनंच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी दोन्ही बघत होते असं मी धरून चालले होते. आईला वाचवायच्या नादात मी स्वतःला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. मी लंबूकडे बघितलं, गप्पीकडे बघितलं. त्यांनाही तो सुचला नव्हता. तोंडाचा टवका म्हणजे काचेचा कण, आणि तो पडतो तो सरळ औषधात.

"लहान मुलांचं औषध भरतात त्यात," आई म्हणाली.

"सगळ्याच सुटल्या नसतील, आई. काही मी..." एवढंच माझ्या तोंडून आलं.

तिनं पुढचं ऐकून घेतलं नाही. टेबलाला धरून उठली, साहेबांचा चेहरा तिला नीट दिसत नसावा, कारण ती त्यांच्या बरीच जवळ गेली. "साहेब," ती म्हणाली, "माझं आणि माझ्या मुलीचं काय करायचं ते नंतर ठरवा. आमच्या लाइनचा हिवाळ्यापासूनचा माल कुठल्या कुठल्या दुकानात गेलाय, ते आधी शोधायला लागा."