देवीवरचा पिवळा डबा

निसरपुराच्या आतल्या अंगाला, नर्मदेचं पाणी चढल्यावर टेकडीवर जाऊन बसलेली आमखेडी. जुन्या वस्तीबरोबर देवीचं देऊळही बुडालं. शिखराची जागा कळावी म्हणून नावाडी तुकारामनं दगडाला दोर बांधून तिथं एक पिवळा डबा तरंगत सोडला होता. पाहुण्यांना नावेतून देऊळ दाखवायचा तोच.

मग उमाशंकर मास्तर देवासहून निवृत्त होऊन परतले. गाड्या भरून पाहुणे आणू लागले. बाघची लेणी, कुक्षीचा बाजार आणि शेवटी देऊळ. पाहुणे मास्तरांचं ऐकत, फोटो मास्तरांबरोबर काढत. तुकाराम नुसती वल्ही मारी.

"काका, नाव जरा सीधी धरा ना, फोटो हलतोय!" एक पोरगी म्हणाली, तेव्हा त्याचं काळीज करपलं.

अष्टमीच्या आदल्या दिवशी मास्तर म्हणाले, "तुकारामभिया, उद्या पाहुण्यांना मी दुसरी नाव सांगितलीय. तुम्ही आपल्या गावच्या बायकांना आणा."

म्हणजे वल्हीही गेली! संध्याकाळी तुकारामनं दगड उचलला आणि डबा लांब, बुडालेल्या उकिरड्यावर नेऊन सोडला. दाखव म्हणावं आता देऊळ!

सकाळी मास्तरांची नाव डब्यापाशी थांबली. "आपल्या खाली शिखर आहे," ते म्हणाले. पाहुण्यांनी हात जोडले. बायकांना घेऊन मागोमाग आलेला तुकाराम गालात हसला.

तेवढ्यात त्याच्या नावेत त्याची बायको कुसुमावती खण-नारळ घेऊन उठली. "अहो, घ्या ना डब्याशी. सुनेला दिवस गेलेत, देवीची ओटी आधी मी भरणार."

ओटीचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. देवीची ओटी उकिरड्यावर!

"थांब. इथं नाही."

"इथं नाही म्हणजे? डबा तर इथंच आहे!"

त्यानं सगळ्यांदेखत दगड ओढून वर घेतला, टेकडीवरचा कडुनिंब आणि विजेचा खांब एका रेषेत येईपर्यंत वल्हवत गेला, आणि खऱ्या शिखरावर दगड सोडला. कुसुमावती त्याच्याकडे बघतच राहिली.

"सर, ये क्या कर रहे हैं?" पाहुण्यांतल्या कुणीतरी विचारलं.

मास्तर म्हणाले, "पाण्याच्या ओढीनं सरकतो डबा. तुकारामभिया होते म्हणून बरं."

एवढा जड दगड सरकत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर तुकारामला बरं वाटलं असतं. आता मोठेपणाही त्यांनीच नेला.

खण पाण्यात उलगडत खाली गेला. तुकारामनं हात जोडले, पण डोळे मास्तरांच्या नावेवरच होते.